बंदिवासातील विद्यार्थी आणि आपले कर्तव्य

(वर्षावासातील व्याख्यानमालेत नवदीक्षित कुटुंबांसमोर दिलेले भाषण)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. विहारात शीलावर बोलावे, सदाचारावर बोलावे, मुलांच्या शिक्षणावर बोलावे, हे योग्यच होय. परंतु तुरुंगातील माणसांच्या शिक्षणाचा प्रश्न येथे कशासाठी, असा विचार आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर प्रथमच देतो. आपल्या वस्त्यांतील काही घरांची माणसे आज गजांआड आहेत. ही गोष्ट कोणी उघडपणे बोलत नाही. आई विहारात येते, वंदना घेते आणि मुलगा कोठे आहे असे विचारले की 'बाहेरगावी आहे' असे सांगते. नवा धम्म स्वीकारून ज्यांनी नुकतीच मान ताठ केली, त्यांना ही लाज अधिक बोचते. आपल्या एका माणसामुळे साऱ्या दीक्षेला बट्टा लागेल, ही भीती त्यांच्या मनात असते. या भीतीपोटी त्या माणसाशी पत्रव्यवहार तुटतो, मुलाखतीस जाणे थांबते आणि अखेर शिक्षा संपून तो परत येतो तेव्हा त्याच्या हातात ना विद्या असते ना धंदा. माझे आज एवढेच सांगणे आहे की, त्या माणसाचे शिक्षण तुरुंगात सुरू होऊ शकते. मात्र ते पुरे व्हायचे असेल तर त्याच्या घराने आणि विहाराने त्याचा हात धरला पाहिजे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस भारतातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे शंभरातील सुमारे ७६, हे कच्चे कैदी होते. ज्यांचा खटला अद्याप संपलेला नाही आणि ज्यांना कोणत्याही न्यायालयाने त्या खटल्यात दोषी ठरविलेले नाही, ते कच्चे कैदी. त्याच विभागाच्या २०१९ च्या अहवालात बंद्यांच्या शिक्षणाची माहिती आहे. शंभरातील सुमारे २८ जण निरक्षर होते आणि सुमारे ४२ जणांची मजल दहावीच्या आतच थांबली होती. त्याच वर्षी शिक्षा झालेल्या बंद्यांत अनुसूचित जातींचे प्रमाण २१.७ टक्के होते. २०११ च्या जनगणनेत देशाच्या लोकसंख्येतील त्यांचे प्रमाण मात्र १६.६ टक्के होते. आपला वाटा लोकसंख्येच्या मानाने तुरुंगात अधिक भरावा, याचा अर्थ आपल्या रक्तात गुन्हा आहे असा कोणी काढील तर तो मूर्खपणा ठरेल. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते आणि तो कलंक पुसण्यास १९५२ साल उजाडावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. अज्ञान, दारिद्र्य, जामीनदार न मिळणे आणि चांगला वकील करण्याची ऐपत नसणे, ही त्या आकड्यांमागील कारणे आहेत. त्यांतील अज्ञान आणि बेकारी या दोहोंवर तुरुंगाच्या आतही उपाय करता येतो.

आता धम्माची दृष्टी काय, ते पाहू. भगवान बुद्धांनी अंगुलिमालाला टाळले नाही. ज्या वाटेने जाण्यास माणसे भीत होती, त्या वाटेने ते स्वतः गेले. पुढे राजा प्रसेनजित घोडेस्वार घेऊन त्याला पकडण्यास निघाला आणि त्याला काषाय वस्त्रांत बसलेला पाहून थक्क झाला. या कथेचा उत्तरार्ध आपण पुष्कळदा सांगत नाही. अंगुलिमाल भिक्खू झाल्यावरही गावात भिक्षेला गेला की लोक त्याच्यावर दगड भिरकावीत. तो रक्तबंबाळ होऊन परतत असे. समाजाने त्याला लगेच क्षमा केली नाही. परंतु संघाने त्याला सोडले नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पतितांच्या आणि गुन्हेगारांच्या धम्मदीक्षेला स्वतंत्र स्थान दिले आहे, ते विनाकारण नव्हे. माणूस बदलू शकतो, हा धम्माचा पायाच आहे.

दुसरी कथा दीघनिकायातील कूटदन्त सुत्ताची. एका राजाच्या राज्यात चोऱ्या-लुटी माजल्या होत्या. त्याच्या पुरोहिताने त्याला सांगितले की फाशी, कैद आणि दंड यांनी हा उपद्रव समूळ जाणार नाही. शेती करणाऱ्याला बियाणे द्यावे, व्यापार करणाऱ्याला भांडवल द्यावे, चाकरी करणाऱ्याला योग्य वेतन द्यावे, म्हणजे प्रत्येक जण आपापल्या कामात गुंतेल आणि राज्य निर्भय होईल. अष्टांग मार्गातील सम्यक आजीविका हीच आहे. तिचा अर्थ आपण 'वाईट धंदा करू नये' एवढाच घेतो. परंतु चांगला धंदा करण्याचे साधन ज्याच्या हाती नाही, त्याला केवळ उपदेश करून सम्यक आजीविका कशी लाभणार? सम्राट अशोकाने हे जाणले होते. त्याने नेमलेल्या धम्ममहामात्रांवर बंदिजनांच्या कल्याणाचेही काम सोपविलेले होते, ज्या बंद्यांना मुलेबाळे आहेत वा जे वृद्ध आहेत त्यांचा विशेष विचार करण्यास सांगितले होते, असे त्याच्या पाचव्या शिलालेखावरून दिसते. म्हणून तुरुंगातील माणसाची विचारपूस करणे हे आपल्या परंपरेला नवे काम नव्हे.

काही जण म्हणतील, 'धम्म झाला, परंतु कायदा काय म्हणतो? कैद्याला कसले आले हक्क?' तर ऐका. सुनील बत्रा यांच्या प्रकरणात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, तुरुंगाच्या दारातून आत गेल्याने माणसाचे मूलभूत हक्क संपुष्टात येत नाहीत. त्याहीपूर्वीचे एक उदाहरण तर आपल्या मराठी भाषेचेच आहे. प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे मुंबईत स्थानबद्ध असताना त्यांनी अणूविषयी मराठीत विज्ञानाचे पुस्तक लिहिले. ते प्रसिद्धीसाठी बाहेर पाठविण्यास सरकारने परवानगी नाकारली. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६५ साली न्यायालयाने सरकारची ही मनाई बेकायदेशीर ठरविली. भिंतीआड बसून माणूस ज्ञानाचे काम करू शकतो आणि ते बाहेर पाठविण्यास त्याला अटकाव करता येत नाही, हा धडा आपल्या मुलखातूनच देशाला मिळाला. २०१५ साली संयुक्त राष्ट्रसंघाने बंद्यांच्या वागणुकीविषयी जे नियम मान्य केले, त्यांना नेल्सन मंडेला यांचे नाव दिलेले आहे. त्यांत असे म्हटले आहे की, शिकू शकणाऱ्या प्रत्येक बंद्याला शिक्षणाची सोय असावी, निरक्षरांकडे आणि तरुणांकडे विशेष लक्ष द्यावे, आणि हे शिक्षण देशाच्या सर्वसाधारण शिक्षणाशी जोडलेले असावे. म्हणजे सुटकेनंतर ते विनाअडचण पुढे चालू राहील. हे नाव दिले गेले तेही समर्पक होते. मंडेला यांनी बंदिवासात पत्रव्यवहाराने कायद्याचा अभ्यास केला आणि १९८९ साली, सुटकेच्या काही महिने अगोदर, दक्षिण आफ्रिका विद्यापीठाची कायद्याची पदवी मिळविली. आपल्या केंद्र सरकारच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीतही बंद्यांचे शिक्षण आणि व्यवसायप्रशिक्षण यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत.

पत्रव्यवहाराने शिक्षण म्हणजे काय, हे सर्वांना समजेल असे सांगतो. विद्यार्थ्याने वर्गात जाऊन बसण्याऐवजी पुस्तके त्याच्याकडे यावीत, त्याने ती वाचावीत, गृहपाठ लिहून पाठवावा आणि ठरलेल्या केंद्रावर परीक्षा द्यावी, अशी ही पद्धत आहे. आपल्या देशात दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली ती सुरू केली. पुढे १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, ज्याला आपण इग्नू म्हणतो, आणि १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. इग्नूने १९९४ साली दिल्लीच्या तिहार तुरुंगात अभ्यासकेंद्र उघडले आणि नंतर इतर राज्यांतील तुरुंगांतही केंद्रे निघाली. महाराष्ट्रात येरवडा, नाशिक रोड, नागपूर यांसारख्या मध्यवर्ती कारागृहांतून बंद्यांनी या दोन्ही विद्यापीठांच्या परीक्षा दिल्या आहेत. येरवड्याचे नाव आपला समाज १९३२ च्या करारापासून विसरलेला नाही. त्याच तटाच्या आत आज एखादा बंदी पदवीचा अभ्यास करतो, याचा विचार आपण करावा.

या शिक्षणाच्या पायऱ्या कोणत्या, ते क्रमाने पाहू.

जो अक्षरशत्रू आहे त्याची पहिली पायरी साक्षरतेचा वर्ग. मोठ्या तुरुंगांत असे वर्ग भरतात आणि पुष्कळदा शिकलेला बंदीच न शिकलेल्याला शिकवितो. पत्रावर अंगठ्याऐवजी सही आली, तर ते पत्र घरच्यांनी जपून ठेवावे. ती पहिली पदवी होय.

ज्याची शाळा मध्येच सुटली त्याच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या परीक्षांपासून दहावी-बारावीपर्यंत तिची सोय आहे. दहावीचा अभ्यास मराठी माध्यमातूनही करता येतो. या संस्थेची एक सवलत बंद्यांना फार उपयोगी पडणारी आहे. एकदा नाव नोंदविले की ते पाच वर्षे चालते. त्या काळात परीक्षेस बसण्याच्या नऊ संधी मिळतात आणि जो विषय सुटला तो सुटलाच, तो पुन्हा द्यावा लागत नाही. ज्याच्या डोक्यावर खटल्याची तारीख टांगलेली आहे, त्याने सहा महिन्यांत एक विषय काढला तरी त्याचे श्रम फुकट जात नाहीत. याशिवाय महाराष्ट्र राज्य मंडळाची दहावी-बारावीची परीक्षा खाजगी विद्यार्थी म्हणून देता येते. त्यासाठी भरावयाचा सतरा नंबरचा फॉर्म आपल्या वस्त्यांत परिचयाचा आहे.

बारावीनंतर पदवी. मराठीतून शिकावयाचे असेल तर नाशिकचे मुक्त विद्यापीठ सोयीचे. इग्नूचा बहुतेक अभ्यास इंग्रजी आणि हिंदीतून असतो. इग्नूची बी. ए. किमान तीन आणि कमाल सहा वर्षांत पुरी करता येते. बंद्यांना शुल्कात सवलत देण्याचे धोरण या विद्यापीठाने ठेवले आहे. प्रत्येक प्रवेशाच्या वेळी त्या वर्षीचा नियम केंद्रावर विचारून घ्यावा. मिळणारी पदवी बाहेरच्या विद्यार्थ्याला मिळते तीच असते, हे विसरू नये. महाराष्ट्रात शिक्षा भोगणाऱ्या ज्या बंद्यांनी अशा परीक्षा उत्तीर्ण केल्या, त्यांना शिक्षेच्या मुदतीत विशेष सूटही देण्यात आलेली आहे. घरी बसलेल्या बायकामुलांच्या दृष्टीने ही सूट केवढी मोलाची आहे, हे मी सांगावयास नको.

एवढी सोय असताना बंदी शिकत का नाहीत? त्याची कारणे बरीच साधी आहेत आणि त्यांतील काही आपल्या हातची आहेत. प्रवेशास शाळा सोडल्याचा दाखला लागतो, जुनी गुणपत्रिका लागते, फोटो लागतो, ओळखीचा कागद लागतो. हे सारे घरच्या पत्र्याच्या पेटीत असते आणि बंदी असतो बराकीत. त्याने तीनदा निरोप पाठवावा आणि घरून कोणी ते कागद नेऊन देऊ नयेत, तेवढ्यात प्रवेशाची मुदत टळून जावी, असे घडते. दुसरे कारण बदली. बंद्याला एका तुरुंगातून दुसऱ्यात हलविले की पुस्तके मागे राहतात, गृहपाठ हरवतो, परीक्षेचे केंद्र बदलते. तिसरे आणि सर्वांत मोठे कारण कच्च्या कैद्याचे. त्याला वाटते, 'आज ना उद्या जामीन होईल, कशाला नाव नोंदवा?' अशा आशेत दोन-तीन वर्षे सरतात. आणि ज्याने नाव नोंदविले त्याला जामीन मिळाला, की तो घरी येतो, पोटाच्या मागे लागतो आणि पुस्तके कोपऱ्यात पडतात.

यावर उपाय एकच, आणि तो पक्का लक्षात ठेवावा. प्रवेश हा बंद्याच्या नावावर असतो, तो तुरुंगाच्या मालकीचा नसतो. सुटलेल्या विद्यार्थ्याने आपल्या नोंदणी क्रमांकासह अर्ज करून गावाजवळच्या अभ्यासकेंद्रात नाव बदलून घ्यावे आणि राहिलेले विषय बाहेरून द्यावेत. घरच्यांनी हा नोंदणी क्रमांक आपल्या वहीत पहिल्याच दिवशी लिहून ठेवावा. बदली झाली तर त्या क्रमांकानिशी नव्या कारागृहाच्या अधीक्षकांना आणि अभ्यासकेंद्राला साधे पत्र लिहावे. अशा पत्राची पोच जपून ठेवावी.

येथे एक इशारा दिला पाहिजे. शिक्षण हे न्यायाला पर्याय नाही. मुलगा आत शिकतो आहे, म्हणून त्याच्या जामिनाकडे दुर्लक्ष करू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कोठडीतील माणसाला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात त्यासाठी अर्ज करावा. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ अन्वये, पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल तर त्याच्या सुटकेची तरतूद आहे. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकेल अशा गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले असणाऱ्यांना ती लागू नाही. आपल्या माणसाचा काळ मोजून ठेवणे हेही कुटुंबाचे काम आहे.

आता धंदेशिक्षणाकडे वळतो. या ठिकाणी आपण विशेष सावध राहिले पाहिजे, कारण जातिव्यवस्था तुरुंगाच्या भिंतीपाशी थांबलेली नव्हती. स्वतंत्र भारतातही काही राज्यांच्या कारागृह नियमांत स्वयंपाकासाठी 'योग्य' जातीचा माणूस आणि झाडूकामासाठी ठरावीक जातींचा माणूस निवडावा अशा तरतुदी शिल्लक होत्या. घटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. परंतु बराकीत खराटा कोणाच्या हाती द्यावयाचा, हे जात विचारून ठरविले जात होते. पत्रकार सुकन्या शांता यांनी या अन्यायाविरुद्ध याचिका केली आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जातीवर आधारलेली ही कामाची वाटणी घटनाबाह्य ठरविली. नियमावल्या दुरुस्त करण्यास राज्यांना तीन महिन्यांची मुदत दिली आणि बंद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला.

या निकालाचे महत्त्व केवळ अपमान टळला एवढेच नाही. ज्याने सात वर्षे झाडूच मारला, तो सात वर्षांनी झाडू मारण्याचेच कौशल्य घेऊन बाहेर येतो. ज्याला सुतारशाळेत, छापखान्यात, यंत्रमागावर वा शिवणयंत्रावर बसविले, तो कारागीर होऊन येतो. तुरुंगातील कामाची वाटणी ही अशा रीतीने सुटकेनंतरच्या भाकरीची वाटणी असते. बाबासाहेबांनी आम्हाला ज्या घाणेरड्या कामांतून बाहेर काढण्यासाठी जन्मभर झुंज दिली, ती कामे तुरुंगाच्या मागच्या दाराने पुन्हा आमच्या माथी येऊ नयेत. म्हणून आपल्या माणसाने आत गेल्यावर लेखी अर्ज करून कारखान्यातील काम मागावे. सफाईचे काम सर्वांनी पाळीपाळीने करावे, त्यात कमीपणा नाही. ते जन्मावरून एकाच्याच गळ्यात पडू नये, एवढाच आग्रह धरावा.

महाराष्ट्रातील मोठ्या कारागृहांत सुतारकाम, विणकाम, शिवणकाम, लोहारकाम, बेकरी, शेती असे उद्योग चालतात. खुल्या कारागृहांत शेतीचे काम असते. आमच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर तर १९३९ साली औंध संस्थानात सुरू झाले. बंद्याला बेडीवाचून, कुटुंबासह, शेती करू द्यावी, असा तो प्रयोग होता, व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या 'दो आँखे बारह हाथ' या चित्रपटामागे त्याचीच प्रेरणा होती. विश्वास टाकला तर माणूस सुधारतो, याचा तो जिवंत पुरावा होय.

परंतु धंदा निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, त्या कामाला बाहेर गिऱ्हाईक आहे काय? ज्या जुन्या यंत्राचे काम आत शिकले ते यंत्रच बाजारातून गेले असेल तर शिक्षण वाया जाते. दुसरी, शिकल्याचे मान्यताप्राप्त प्रमाणपत्र मिळते काय? नुसते 'मला काम येते' म्हणणाऱ्यावर मालक विश्वास ठेवीत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या तोडीचे प्रमाणपत्र असेल तर त्याची हातोटी कागदावर दिसते. तिसरी, ते काम स्वतःच्या बळावर करता येते काय? शिक्षा झालेल्याला सरकारी नोकरीची वाट बहुधा अवघड असते आणि खाजगी मालकही पोलिसांचा दाखला मागतात. म्हणून वायरमनचे काम, नळजोडणी, शिवणकाम, बेकरी, वाहनदुरुस्ती असे धंदे बरे. ते घराच्या ओट्यावरूनही सुरू होऊ शकतात. कामाची मजुरी हाही बंद्याचा अधिकार आहे. सक्तमजुरीच्या बंद्यांना न्याय्य वेतन द्यावे आणि त्याचा काही भाग गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठी ठेवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली गुजरात राज्याच्या प्रकरणात म्हटले आहे. या कमाईतून साठलेली रक्कम शिवणयंत्राला वा हत्यारांच्या पेटीला लावावी. सुटकेच्या आनंदात ती उडवू नये.

स्त्री-बंद्यांविषयी दोन शब्द. त्यांची संख्या शंभरात सुमारे चार आहे आणि म्हणूनच त्यांच्याकडे लक्ष कमी जाते. पुरुषाच्या मुलाखतीस आई जाते, पत्नी जाते. तुरुंगातील स्त्रीकडे मात्र माहेर आणि सासर दोन्ही पाठ फिरवितात. तिच्याबरोबर सहा वर्षांपर्यंतचे मूल राहू शकते आणि त्या मुलाच्या शिक्षणाची व पोषणाची जबाबदारी राज्यावर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितले आहे. तिला शिवणकामाखेरीज काही शिकता येत नाही, ही समजूत सोडून द्यावी. तिनेही दहावी द्यावी, संगणक शिकावा, हिशेब शिकावा. तिच्याकडे पुस्तक घेऊन जाणारे कोणी नसेल तर महिला मंडळाने जावे.

एक आक्षेप मी टाळू इच्छित नाही. एखादी उपासिका विचारील, 'माझा निरपराध मुलगा फी नाही म्हणून शाळा सोडतो आणि गुन्हा करणाऱ्याला तुम्ही फुकट पदवी देता, हा कोणता न्याय?' प्रश्न रास्त आहे. तिच्या मुलाला शिक्षण मिळाले पाहिजे आणि त्यासाठी आपण लढलेच पाहिजे. परंतु बंद्याचे पुस्तक काढून घेतल्याने तिच्या मुलाच्या हाती पुस्तक येणार नाही. शिवाय बहुसंख्य बंद्यांवर दोष सिद्धच झालेला नाही. ज्यांच्यावर तो सिद्ध झाला, त्यांतील बहुतेक जण एक ना एक दिवस आपल्याच वस्तीत परत येणार आहेत. ते कसे होऊन परत यावेत, हा प्रश्न त्या उपासिकेच्या मुलाच्याही सुरक्षिततेचा आहे. अमेरिकेतील अनेक अभ्यास एकत्र करून रँड या संशोधनसंस्थेने २०१३ साली दाखविले की, तुरुंगात शिक्षण घेतलेल्यांची पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता न शिकलेल्यांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी होती. तो देश वेगळा, त्याचे तुरुंग वेगळे. तरी माणसाचा स्वभाव फार वेगळा नाही. आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या दुःखाचा विसर पडू देऊ नये. अंगुलिमालाने दगड सोसले. त्याने 'मी आता भिक्खू आहे, मला मारू नका' असा हक्क सांगितला नाही. शिकलेल्या बंद्याने केलेल्या कृत्याची जबाबदारी घ्यावी, हे शिक्षणाचेच फळ होय.

तेव्हा प्रत्यक्ष करावे काय? पाच गोष्टी सांगतो.

पहिली, ज्या घरातील माणूस आत आहे त्या घराने त्याला नियमाने पत्र लिहावे आणि मुलाखतीत खटल्याबरोबर अभ्यासाचेही विचारावे.

दुसरी, त्याचे दाखले, गुणपत्रिका आणि फोटो यांच्या प्रती करून एका पाकिटात तयार ठेवाव्यात. मूळ कागद हातचे सोडू नयेत.

तिसरी, प्रत्येक विहाराने एक लिहिता-वाचता कार्यकर्ता या कामासाठी नेमावा. त्याने अधीक्षकांशी, अभ्यासकेंद्राशी आणि विधी सेवा प्राधिकरणाशी पत्रव्यवहार करावा. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'प्रयास' या प्रकल्पाने १९९० पासून बंद्यांमध्ये काम केले आहे. अशा अनुभवी माणसांचा सल्ला घ्यावा.

चौथी, विहारातील वाचनालयातून शालेय पुस्तके आणि बाबासाहेबांचे ग्रंथ कारागृहाच्या ग्रंथालयास परवानगी घेऊन द्यावेत. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन करून ज्यांनी आपल्यासाठी महाविद्यालयाची दारे उघडली, त्यांच्या अनुयायांनी एवढे तरी करावे.

पाचवी आणि सर्वांत अवघड, जो सुटून येईल त्याला विहारात मागच्या रांगेत बसवू नये. त्याला पहिल्या महिन्यात काम मिळवून द्यावे, परीक्षेचे राहिलेले विषय विचारावेत आणि त्याच्या मुलांना कोणी टोचून बोलत असेल तर बोलणाऱ्याला थांबवावे.

बंधूंनो आणि भगिनींनो, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी लाखोंना नवा जन्म दिला, तेव्हा जुन्या जन्माचा हिशेब कोणाकडे मागितला नाही. जन्मावरून माणूस हीन ठरत नाही, हे आपण त्या दिवसापासून जगाला सांगत आलो. तुरुंगाच्या दारातून परत येणाऱ्या माणसालाही नवा जन्म हवा असतो. त्याच्या हातात एक प्रमाणपत्र असेल आणि दारात त्याची वाट पाहणारे घर असेल, तर तो त्याला लाभेल. आज येथून जाताना ज्यांचे माणूस आत आहे त्यांनी आमच्या कार्यकर्त्यांजवळ त्याचे नाव आणि कारागृहाचे नाव लिहून द्यावे. ते नाव कोठेही वाचून दाखविले जाणार नाही. उद्यापासून त्याच्या प्रवेशाच्या कागदांना आपण लागू.

जय भीम!